घरच्या घरी लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकताना

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्यांनी लॅपटॉप दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणला. काम नीट झालं होतं, फाइलीही सगळ्या परत मिळाल्या. पण घरी येऊन त्यांनी गावाच्या इतिहासाची फाइल उघडली तर समोर मराठीचं एक अक्षरही नाही. रोमन अक्षरं, मध्येच कंस, टक्क्याची चिन्हं, रिकाम्या चौकटी. बारा वर्षं टिपून ठेवलेलं लिखाण गेलं, असं समजून ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

लिखाण कुठेच गेलं नव्हतं. ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच दिसणाऱ्या मराठीच्या, आधीच्या काळातल्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं आणि विंडोज नव्याने टाकताना तो फॉन्ट तेवढा पुसला गेला होता. तालुक्याच्या एका छापखान्यात तोच फॉन्ट मिळाला. तो टाकल्याबरोबर पहिल्या पानावरचं ग्रामदैवताचं नाव पुन्हा जसंच्या तसं दिसलं.

तेव्हापासून कोणीही "फॉरमॅट कसं मारायचं?" असं विचारलं की मी आधी विचारतो, "यादी केलीस का?" विंडोज टाकणं हे तासाभराचं काम आहे आणि त्यात फार डोकं लागत नाही. चुकतं ते त्याच्या आधी. म्हणून या लेखात निम्मी जागा मी त्या आधीच्या तयारीलाच देणार आहे.

फॉरमॅटची गरज खरंच आहे का?

लॅपटॉप हळू चालतोय एवढंच कारण असेल तर थोडं थांबा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. काहीही सुरू नसताना तो आकडा सतत शंभर टक्क्यांच्या आसपास राहत असेल आणि आत जुनी, फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर अडचण बहुधा त्या डिस्कचीच आहे. फॉरमॅटने चार दिवस बरं वाटेल, मग पुन्हा तेच. अशा लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली की तो नव्यासारखा पळतो. मग विंडोज त्या एसएसडीवरच टाका.

डिस्कची तब्येतही बघून घ्या. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात निळ्या रंगात 'गुड' दिसलं तर ठीक. पिवळ्या रंगात 'कॉशन' किंवा लाल रंगात 'बॅड' आलं तर ती डिस्क फॉरमॅट करून वापरायची नाही. महत्त्वाचा डेटा आधी उतरवून घ्यायचा आणि डिस्क बदलायची. आतून टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप उगाच चालू-बंद करत बसू नका.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून अपडेट मिळण्याची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. त्यामुळे आता नव्याने टाकायचंच असेल तर विंडोज ११ टाका. पण ते प्रत्येक मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की हो का नाही ते लगेच कळतं. उत्तर नाही आलं आणि तुमचं काम ब्राउझर, ई-मेल, थोडं टायपिंग एवढंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करा. जुन्या मशीनवर ते छान चालतं आणि मराठीही व्यवस्थित दिसते.

विंडोज नीट सुरू होत असेल, व्हायरसची शंका नसेल, तर पेन ड्राइव्हचा खटाटोप न करताही काम होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिकव्हरी, तिथे 'रीसेट धिस पीसी'. पुढचा भाग मात्र पेन ड्राइव्हवरून पूर्ण साफ करून विंडोज टाकणाऱ्यांसाठी आहे. अर्थात बॅकअपची यादी दोघांनाही सारखीच लागू.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही

आपल्याकडे लॅपटॉप घेतला की डिस्कचे सी, डी, ई असे भाग करून घ्यायची जुनी पद्धत आहे. त्यातून "माझं सगळं डीमध्ये आहे, म्हणजे सेफ आहे" असा समज झालाय. अशी पाडलेली डी ही वेगळी डिस्क नसते. एकाच खोलीत मध्ये पडदा लावावा तसं ते आहे. डिस्क बिघडली तर सी आणि डी दोन्ही एकदमच जातात, आणि विंडोज टाकताना चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं तरी डी जातो. लग्नाचे, बारशाचे फोटो असे गेलेले मी दोन घरांत पाहिलेत. त्या घरातल्या माणसांना काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

तेव्हा बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या. जे पुन्हा मिळणार नाही, म्हणजे फोटो, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, स्वतःचं लिखाण, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी करा.

आता कागद घ्या आणि यादी करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळ्यांना आठवतं. डाउनलोड्समध्ये लोक नुसता कचरा असेल असं धरून चालतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली सातबाराची, आधारची, पॉलिसीची पीडीएफ तिथेच पडलेली असते. सी ड्राइव्हच्या मुळाशी कोणी 'न्यू फोल्डर' करून काही ठेवलंय का तेही बघा. प्रोग्रॅम फाइल्स हे फोल्डर मात्र उचलू नका. त्यातली सॉफ्टवेअर नुसती कॉपी करून चालत नाहीत, ती नव्यानेच टाकावी लागतात.

वनड्राइव्ह चालू असेल तर फाइलींच्या शेजारचं चिन्ह बघा. हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल लॅपटॉपवर आहे. ढगाचं चिन्ह असेल तर ती फक्त इंटरनेटवर आहे. अशी फाइल कॉपी करायची तर आधी उतरवून घ्यावी लागते.

ई-मेल ब्राउझरमध्ये बघत असाल तर काळजी नाही. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये उतरवून घेत असाल तर तो साठा लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो, तो शोधून घ्या. क्रोममध्ये सिंक चालू आहे असं नुसतं समजू नका. फोनवर त्याच खात्यात बुकमार्क आणि पासवर्ड खरंच दिसतात का ते बघा.

दुकानदार आणि हिशेब लिहिणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचा: टॅलीचा लायसन्स फॉरमॅटच्या आधी सरेंडर करायचा असतो. टॅलीतच लायसन्सच्या मेनूत तो पर्याय आहे. सरेंडर न करता फॉरमॅट केलं तर नव्याने सुरू करताना लायसन्स दुसऱ्या मशीनवर आहे म्हणून अडकतो, आणि ते नेमकं जीएसटी भरायच्या आदल्या दिवशी लक्षात येतं. डेटाचं फोल्डर कुठे आहे तेही टॅलीमध्येच दिसतं, ते सबंध उचला. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर सही त्या टोकनमध्येच असते, तिला धक्का लागत नाही. पण टोकनचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागेल, म्हणून टोकनचं मॉडेल लिहून ठेवा.

आणि फॉन्ट. विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं. ते अख्खं कॉपी करा. पत्रिका, अहवाल, दिवाळी अंकाचं काम करणाऱ्यांकडे श्रीलिपी असते, जुन्या सरकारी कामातल्या लोकांकडे सी-डॅकचं आयएसएम असतं. त्यांची सीडी, डोंगल, नोंदणीचा क्रमांक हाताशी आहे का ते फॉरमॅटच्या आधी बघा. जमलं तर जुन्या फॉन्टमधलं लिखाण युनिकोडमध्ये बदलून एक प्रत ठेवा. मास्तरांचं आम्ही तेच केलं. जोडाक्षरं आणि रफार काही ठिकाणी बिघडले, ते त्यांनी स्वतः वाचून दुरुस्त केले. पण आता ती फाइल कुठल्याही फोनवर उघडते.

सोबत या गोष्टी कागदावर उतरवा: मायक्रोसॉफ्ट खात्याचा ई-मेल आणि त्याचा पासवर्ड, वाय-फायचा पासवर्ड, प्रिंटरचं मॉडेल, लॅपटॉपचं मॉडेल आणि सिरियल नंबर. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते कुठल्या खात्याला जोडलंय तेही लिहा, कारण पुन्हा मिळणार ते त्याच खात्यावर.

आणखी एक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. त्याची चावी ४८ अंकी असते आणि सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. सगळी डिस्क पुसणार असाल तर ती लागत नाही. पण डी ठेवून फक्त सी पुसणार असाल, तर नव्या विंडोजमध्ये डी उघडताना ती मागितली जाऊ शकते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं तरी मागतात. खात्यात जाऊन ती चावी आत्ताच उतरवून घ्या. ती नसेल तर आतला डेटा कोणालाही काढता येत नाही.

कॉपी झाली की तपासा. मूळ फोल्डरवर आणि बॅकअपच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या जुळली पाहिजे. मग ती बाहेरची डिस्क दुसऱ्या कुठल्यातरी संगणकाला लावून आठ-दहा फाइली उघडून बघा. एखादा फोटो, एखादा व्हिडिओ, एखादं एक्सेल. सगळं उघडलं की डिस्क काढून कपाटात ठेवा. विंडोज टाकताना ती मशीनला लावलेली असताच कामा नये.

पेन ड्राइव्ह तयार करणं

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो आधी रिकामा करा. चालू असलेल्या कुठल्याही विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा, चालवा, पेन ड्राइव्ह निवडा. बाकीचं तेच करतं. काही जीबी डेटा उतरतो, तेव्हा मोबाइलच्या दिवसाच्या कोट्यावर हे करू नका.

दुकानात किंवा टेलिग्रामवर मिळणारी "आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली" विंडोज वापरू नका. आत काय घातलंय ते कळायला मार्ग नसतो, आणि त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचं खातं उघडतो. लॅपटॉपसोबत मूळ विंडोज आली असेल तर तुमचा लायसन्स मदरबोर्डशी जोडलेला असतो. तो फॉरमॅटने जात नाही आणि पुन्हा विकतही घ्यावा लागत नाही.

पेन ड्राइव्ह झाला की त्यातच एक फोल्डर करून लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, ठेवा. इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल तर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हरही एक्स्ट्रॅक्ट करून फोल्डरात ठेवा. तो का, ते पुढे येईलच.

पेन ड्राइव्हवरून सुरू करणं

चार्जर लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. लाइट जाणार नाही याची खात्री नसेल तेव्हा हे काम सुरू करू नका.

विंडोज सुरू होत असेल तर सगळ्यात सोपा रस्ता असा: शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' निवडून पेन ड्राइव्ह निवडा. विंडोज सुरूच होत नसेल तर लॅपटॉप चालू करताच बूट मेनूचं बटण टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर ते एफ१२ आहे, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालतं, पण कधी कधी ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. यादीत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय ते निवडा.

विंडोज टाकताना

भाषा आणि कीबोर्ड विचारतील, पुढे चला. 'इन्स्टॉल विंडोज ११' निवडा. सगळं पुसलं जाईल हे मान्य असल्याची चौकट येईल, ती टिक करा. प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' असा पर्याय खाली असतो, तो घ्या. पुढे विंडोजची आवृत्ती विचारली तर लॅपटॉपसोबत जी आली होती तीच निवडायची. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. मोह होऊन 'प्रो' निवडली तर तुमचा लायसन्स तिला लागू होत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

मग येतो तो पडदा, जिथे हात माउसवरून काढून दोन मिनिटं नुसतं वाचायचं. इथे डिस्कच्या भागांची यादी असते. सी, डी अशी नावं इथे बहुधा दिसत नाहीत. 'डिस्क ० पार्टिशन १' अशा ओळी असतात आणि समोर आकार. ओळख पटवायची ती आकारावरूनच. ५१२ जीबीची डिस्क इथे साधारण ४७६ जीबी दिसते, १ टीबीची ९३१ जीबी. काही गेलेलं नसतं, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच. एक नेहमीची यादी अशी असते: १०० एमबीचा 'सिस्टिम' भाग, १६ एमबीचा 'एमएसआर', मग मोठा 'प्रायमरी', आणि शेवटी काहीशे एमबीचा 'रिकव्हरी'. तो मोठा प्रायमरी म्हणजे तुमचा सी. आणखी एक मोठा प्रायमरी असेल तर तो तुमचा डी.

डी ठेवायचा असेल तर त्या ओळीला हात लावू नका. बाकीचे भाग एकेक करून डिलीट केले की तिथे 'अनअलोकेटेड' म्हणजे रिकामी जागा दिसते. ती निवडा आणि नेक्स्ट. स्वतः नवे भाग पाडायची गरज नाही, वेगळं फॉरमॅटचं बटण दाबायचीही गरज नाही. विंडोज लागतील ते भाग स्वतः करून घेते. मशीनमध्ये दोन डिस्क असतील, एक एसएसडी आणि एक मोठी हार्ड डिस्क, तर डेस्कटॉपमध्ये हार्ड डिस्कची केबल आधीच काढून ठेवा. लॅपटॉपमध्ये ते जमत नसेल तर दोन्हींचे आकार आधी कागदावर लिहून ठेवा.

यादीत डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका, ती मेलीच असं नाही. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर असं होतं. 'लोड ड्रायव्हर'वर जाऊन पेन ड्राइव्हमधलं ते इंटेल स्टोरेजचं फोल्डर दाखवा, डिस्क दिसू लागेल. आणि "या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे" असं सांगून विंडोज अडली, म्हणजे डिस्कचे भाग जुन्या पद्धतीने पाडलेले असले, तर दोन मार्ग आहेत. सगळी डिस्क पुसायचीच असेल तर तिच्यावरचे सगळे भाग डिलीट करा, पूर्ण रिकामी डिस्क मिळाली की विंडोज ती स्वतः जीपीटी या नव्या पद्धतीची करून घेते. डी ठेवायचा असेल तर मात्र थांबा, डीचाही बॅकअप घ्या आणि मगच पुढे जा.

यानंतर वीस मिनिटं ते पाऊण तास फक्त वाट बघायची. मशीन मध्येच दोन-तीनदा बंद होऊन सुरू होतं. पहिल्यांदा तसं झालं की पेन ड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर काही वेळा पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरुवात होते आणि लोकांना वाटतं की चुकलं.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर

देश भारत निवडा. विंडोज ११ इथे इंटरनेट मागते, आणि नेमका इथेच वाय-फाय दिसत नाही असं होतं. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला ड्रायव्हरशिवाय इंटरनेट मिळतं.

आत गेल्यावर आधी सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन. 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं पाहिजे. मग विंडोज अपडेट चालवा. एकदा झालं की रीस्टार्ट करून पुन्हा चालवा. काहीच शिल्लक राहिलं नाही असं म्हणेपर्यंत. बरेचसे ड्रायव्हर त्यातूनच येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली असेल तर सिरियल नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावरून तेवढा ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, ती सोबत भलतंच घेऊन येतात. घरच्या वापराला विंडोजचं स्वतःचं डिफेंडर पुरेसं आहे.

मग मराठी. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात भाषा जोडा म्हणून मराठी निवडा. सिंगल लँग्वेज आवृत्तीतही मराठी कीबोर्ड घालता येतो. इनस्क्रिप्ट येत असेल तर ते मिळतंच. रोमनमध्ये टाइप करून देवनागरी उमटवायची सवय असेल तर 'मराठी फोनेटिक' जोडा. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. मराठी जोडली की मंगल, कोकिळा वगैरे फॉन्टही सहसा सोबत येतात, त्यामुळे वर्डच्या जुन्या फाइली नीट दिसतात. बॅकअपमधल्या फॉन्टच्या फोल्डरातून तुमचे जुने मराठी फॉन्ट निवडून, त्यांच्यावर उजवी क्लिक करून इन्स्टॉल करा. आधी हे करा आणि मगच जुन्या फाइली उघडा.

डेटा परत आणताना, फॉरमॅट व्हायरसमुळे केलं असेल तर बाहेरची डिस्क आधी डिफेंडरने स्कॅन करा. फोटो-दस्तऐवज आणा, जुनी सेटअपची फाइल मात्र एकही आणू नका. यादीचा कागद समोर ठेवून एकेक ओळ खोडत जा. टॅली उघडलं का, सही झाली का, प्रिंट निघाली का, पत्रिकेची फाइल मराठीत दिसली का.

ती बाहेरची डिस्क लगेच रिकामी करू नका. निदान महिनाभर तशीच राहू द्या, कारण काय राहिलं ते पंधरा-वीस दिवसांनी एखादं काम अडल्यावर आठवतं. आणि जुनी डिस्क किंवा लॅपटॉप विकणार असाल तर साध्या झटपट फॉरमॅटवर विसंबू नका. त्याने फक्त फाइलींची अनुक्रमणिका पुसली जाते, हार्ड डिस्कवर मजकूर तसाच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. विकण्याआधी 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'सगळं काढून टाका' निवडा, तिथे सेटिंग्ज बदलून 'क्लीन डेटा' चालू करा आणि रात्रभर चालू द्या. मोठ्या हार्ड डिस्कला तेवढा वेळ लागतो.